कोटावरची चिठ्ठी

"आज तुमच्या बाई नाहीत," खिडकीतल्या बाई वर न बघताच म्हणाल्या. "आज सर आहेत. तीन नंबर."

"कुठले सर? ते घड्याळवाले?"

खिडकीतल्या बाईंनी आता मात्र मान वर केली. टेपताईनं जीभ चावली. दवाखान्यात पाच डॉक्टर होते, बाहेरच्या पाटीवर पाचही नावं एकाखाली एक रंगवलेली होती, पण ती तिच्या डोक्यात काही केल्या राहत नसत. मग तिनं आपली नावं ठेवली होती. दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघणारे ते घड्याळवाले. चष्म्याच्या वरून बघणाऱ्या त्या चष्मेवाल्या. काहीही सांगितलं तरी हसणारे ते हसरे. एक नुसत्याच घाईच्या. आणि एक तिच्या बाई. त्या पोटाला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासत आणि म्हणत, "माझे हात थंड आहेत हं, सांभाळून घ्या." नऊ महिन्यांत त्या तिला मोजून तीनदा भेटल्या होत्या.

"पण मी बाईंचंच नाव सांगून ठेवलं होतं."

"ताई, इथं पेशंट कुणा एकाचा नसतो, दवाखान्याचा असतो. ज्या दिवशी तुमचं पोट दुखेल त्या दिवशी ज्यांची ड्यूटी, ते येतील. कुणीही."

"आणि ते मला ओळखत नसले तर?"

"अहो, ते नसले ओळखत तरी फाइल आहे ना तुमची! फाइलमध्ये सगळं असतं."

टेपताई फाइल छातीशी धरून तीन नंबरसमोर जाऊन बसली. फाइलमध्ये सगळं नव्हतं, हेच तर तिचं दुखणं होतं. वजन होतं, रक्तदाब होता, आणि पहिल्या बाळंतपणाबद्दल एकच ओळ होती: मुलगी, नॉर्मल.

नॉर्मल म्हणे! सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका दवाखान्यात, अगदी शेवटच्या घटकेला एक डॉक्टर आत आला होता. तोंडावर मास्क, त्यामुळे चेहरासुद्धा दिसला नाही. त्यानं काहीतरी खूण केली आणि दोघींनी तिचे पाय धरून पार मागे दाबले, तिसरीनं पोटाच्या खाली हात रोवून सगळा भार दिला. "काय झालं? काय करताय?" म्हणून ती ओरडली, तर "गप पडा हो बाई" एवढंच उत्तर आलं. मुलगी झाली, रडली, ठणठणीत निघाली. डॉक्टर आला तसा गेला. तो कोण होता, त्यानं काय केलं आणि का केलं, ते तिला आजतागायत कुणी सांगितलं नव्हतं. आणि कुणी सांगितलं नाही म्हणून तिनं स्वतःच एक कारण ठरवून टाकलं होतं. आपलंच काहीतरी चुकलं असणार. आपल्याला नीट जमलं नसणार, म्हणून ते तसे वागले. सहा वर्षं ती हे मनात घेऊन हिंडत होती. नवऱ्याला सांगितलं होतं, तेही अर्धंच.

टेपताई शिंप्याच्या दुकानात मापं घ्यायची. अकरा वर्षं गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल, म्हणून तर हे नाव पडलेलं. दुकान मोठं. पुढे आरसे आणि कापडांचे गठ्ठे, मागे लांबलचक खोलीत कटिंगचं टेबल, सहा मशिनी, शेवटी इस्त्री. माप टेपताई घेणार, कापणार मास्तर, शिवणार तिसराच, काजं करणार चौथी. गिऱ्हाईक यांतल्या कुणालाही कधी बघत नसे. सगळ्यांना जोडून ठेवायची ती एक पिवळी चिठ्ठी. टेपताई गिऱ्हाइकाचं काय काय वेगळं आहे ते चिठ्ठीवर लिही आणि टाचणीनं कापडाला टोचून मागे पाठवी. मग ती चिठ्ठी कपड्याबरोबर टेबलावरून टेबलावर फिरे. डावा खांदा उतरता. गळ्याशी घट्ट चालत नाही. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, हवी. मास्तर चाळीस वर्षं कापत होते. मोजकं बोलणारा माणूस. चिठ्ठीत असेल ते करायचं, नसेल ते करायचं नाही, आणि उलट प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांचा खाक्या.

पहिल्या बाळंतपणानंतर टेपताईच्या कामात एकच फरक पडला होता. आधी ती टेप घेऊन थेट कामाला भिडायची. आता म्हणायची, "आता खांद्याला हात लावते हं. आता पाठीमागून टेप घेते." एवढं बोलायची सवय तिला कुठून लागली, ते दुकानात कुणी विचारलं नाही. गिऱ्हाइकं मात्र तिच्याकडे माप द्यायला रांग लावायची.

तर त्या दिवशी तीन नंबरच्या बाहेर बसल्या बसल्या तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण तरी दुसरं काय करतो? गिऱ्हाइकाला कुठं मास्तर ठाऊक असतात! चिठ्ठी असते म्हणून कोट अंगाला बसतो.

"चिठ्ठी?" दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "अगं, तू काय कोट आहेस का? तोंडानं सांग की."

"तोंड त्या वेळी चालत नाही माझं."

"तुझं? दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू असतो तुझा!"

"गिऱ्हाइकापुढं. डॉक्टर समोर आला की माझी दातखीळ बसते. सांग ना, लिहू का नको?"

नवऱ्यानं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "लिही. आम्हीपण दोन मजल्यांच्या मधे माणूस अडकला की आधी हाक मारतो. आता लिफ्ट हलणार, घाबरू नका म्हणून. न सांगता हलवली तर आत माणूस अर्धमेला होतो."

तेवढं ऐकून तिचे डोळे भरून आले. या दिवसांत तिचे डोळे कशानंही भरून येत, पण हे त्यातलं नव्हतं.

चिठ्ठी लिहायला मात्र तिला चार दिवस लागले. पहिली फार लांब झाली, दुसरी भांडकुदळ. तिसरीत ती इतक्यांदा 'कृपया' म्हणाली होती की तिची तिलाच लाज वाटली. सोमवारी सकाळी दुकानात, गिऱ्हाइकांची गर्दी व्हायच्या आत, तिनं पिवळ्या कागदावर शेवटची चिठ्ठी उतरवून काढली. शेजारी मुख्याध्यापकांच्या कोटाचं कापड पडलं होतं. ते गृहस्थ शुक्रवारी निवृत्त होणार होते, निरोपसमारंभाला त्यांना नवा कोट हवा होता. त्याचीही चिठ्ठी लिहून तयार होती. दोन्ही चिठ्ठ्या समोर, एकीकडे कोट, एकीकडे फाइल. तेवढ्यात पोटात कळ आली आणि पायांवरून कोमट पाणी ओघळलं.

"मास्तर!" ती ओरडली. "माझी वेळ झाली!"

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. इस्त्रीवाल्यानं इस्त्री सुरूच ठेवून रस्त्यावर धाव घेतली, काजंवाली रडायलाच लागली. गाडी मास्तरांनी आणली. टेपताईनं मात्र एवढ्या गडबडीतही दोन टाचण्या काढल्या, एक चिठ्ठी फाइलला टोचली, एक कोटाला टोचली, कोट मागे पाठवला आणि मगच गाडीत बसली. काम अर्धवट टाकून जाणं तिच्या रक्तातच नव्हतं.

दवाखान्यात तिला आत घेतलं तोवर अकरा वाजले होते. कळा एकीला एक लागून येत होत्या.

"आज कोण आहेत?" तिनं सिस्टरला विचारलं. पाचही जण तिनं मनात ओळीनं उभे केले होते. अगदी घाईच्या बाई आल्या तरी चालतील, असं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

"नवीन सर आहेत. सहावे. तीन दिवस झाले येऊन."

टेपताईच्या पायाखालची जमीन सरकली. ती खाटेवर आडवी होती म्हणून बरं.

सहावे डॉक्टर आत आले ते दारात वाकूनच, इतके उंच. तोंडावर मास्क. काही न बोलता त्यांनी यंत्राकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं आणि फाइल उचलली. तोच मास्क, तेच मुकाट्यानं बघणं. थोरलीच्या वेळचं सगळं खाटेशी येऊन उभं राहिलं.

"आई गं!" डॉक्टर एकदम ओरडले आणि बोट तोंडाशी नेलं. मास्क आडवा आला. "फाइलमध्ये टाचणी कुणी लावली?"

"मी," टेपताई कशीबशी म्हणाली. "वाचा ना. चिठ्ठी आहे."

डॉक्टरांनी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि मोठ्यानं वाचली. "पोट अजून वाढेल असं म्हणतात. कंबरेत दोन इंच माया ठेवा. डावा खांदा उतरता. शुक्रवारच्या आत हवंच."

सिस्टरनं एकदा टेपताईच्या पोटाकडे बघितलं. डॉक्टर अगदी गंभीरपणे म्हणाले, "आज सोमवार आहे. शुक्रवारपर्यंत काही हे थांबणार नाही."

टेपताईला हसू फुटलं. कळ, हसू आणि रडू तिन्ही एकदमच आलं. कळ ओसरली तेव्हा कुठे तिला बोलता आलं. "ती कोटाची आहे हो! माझी कोटाला गेली. अकरा वर्षांत एक चिठ्ठी चुकली नाही माझी, आणि आज स्वतःचीच चुकवली."

"मग तुमच्या चिठ्ठीत काय होतं?"

हेच तर तोंडानं सांगायचं नव्हतं, म्हणून चार दिवस खपून लिहिलं होतं. तिनं दाराकडे बघितलं. नवरा अजून पोचला नव्हता. समोर एक अनोळखी माणूस टोचलेलं बोट धरून उभा होता. तो गेला नाही. घाईही केली नाही.

"हात लावायच्या आधी सांगा," ती म्हणाली. "काय करणार ते सांगा. का करणार तेही सांगा. मी घाबरट नाही. मागच्या वेळी मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

"मागच्या वेळी काय झालं होतं? फाइलमध्ये नॉर्मल लिहिलंय."

आणि मग, कळांच्या मधून मधून, तिनं सगळं सांगितलं. पाय मागे दाबले ते. पोटाखालचा भार. गप पडा हो बाई. चिठ्ठीतही जे लिहायचं धाडस झालं नव्हतं, तेही तिच्या तोंडून निघून गेलं. "माझं काय चुकलं होतं, तेवढं मला कळायला हवंय."

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. चेहरा साधाच होता, दाढी नीट न केलेला. ते स्टूल ओढून बसले.

"मी तिथं नव्हतो, तेव्हा छातीठोक सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगताय त्यावरून वाटतं, बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. तसं झालं की पाय मागे घेतात आणि पोटाखाली दाबतात, म्हणजे खांदा सुटतो. हाताशी दोन-चार मिनिटंच असतात. बहुतेक त्यांनी तुमची मुलगी वाचवली."

"खांदा?" टेपताई म्हणाली.

"खांदा. तुमचं काही चुकलं नव्हतं हो. चूक त्यांची, नंतरही सांगितलं नाही ती. आणि फाइलमध्ये लिहिलं नाही ती तर फारच मोठी."

अकरा वर्षं लोकांचे खांदे मोजणारी ती बाई छताकडे बघत राहिली. खांदा. एवढंच. सहा वर्षं उरावर बसलेला धोंडा खाली उतरला, आणि उतरताना तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, म्हणून ती रडली. सिस्टरनं तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाले. "एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. बाळ आता खूप खाली आलंय, ऑपरेशनची वेळ गेली. पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी आत्तापासून तयारीत राहतो. आणखी एका डॉक्टरांना आणि दोन सिस्टरना बोलावून घेतो. खांदा अडकलाच तर मी तसं म्हणेन. मग त्या दोघी तुमचे पाय मागे घेतील आणि सिस्टर पोटाखाली दाबतील. दुखेल. बोलायची मला फारशी सवय नाही, पण प्रत्येक गोष्ट सांगेन. चालेल?"

चालेल का, असं तिला आजवर कुठल्याच डॉक्टरनं विचारलं नव्हतं. "चालेल," ती म्हणाली.

मदतीला आले ते नेमके घड्याळवाले. येताच त्यांनी मनगटाकडे बघितलं, आणि टेपताईला वाटलं, झालं, यांना आत्ताच कुठेतरी जायचंय! त्यांच्या पाठोपाठ नवरा आला, हाताला ग्रीस तसंच. सिस्टरनं त्याला दामटून हात धुवायला लावले आणि डोक्याशी उभं केलं.

पुढचा तासभर उंच डॉक्टर बोलत राहिले. बोलणं त्यांना जमत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. "आता तपासतो. हात लावतोय. झालं." एका सुरात, धडा वाचावा तसं. पण बोलत राहिले. डोकं दिसलं ते सांगितलं. डोकं बाहेर आलं ते सांगितलं. मग एक क्षण थांबून, आवाज न चढवता, म्हणाले, "खांदा अडकलाय. वेळ मोजा."

"मोजतोय," घड्याळवाले म्हणाले.

"ताई, सांगितलं होतं ते आता करतोय. पाय मागे. कळ देऊ नका, थांबा. सिस्टर, दाबा. दुखेल."

दुखलं. आई गं, काय दुखलं! पाय तसेच मागे गेले, भार तिथंच पडला, सगळं अगदी तसंच. पण या वेळी आपल्या अंगाशी काय चाललंय ते तिला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याचं मनगट आवळलं आणि खांद्याचा विचार केला, छोट्याशा, उतरत्या खांद्याचा.

"तीस सेकंद," घड्याळवाले म्हणाले. मग, "एक मिनिट." त्या माणसाचं घड्याळाकडे बघणं आयुष्यात पहिल्यांदा तिला गोड वाटलं.

"सुटला! आता द्या कळ. जोर लावा!"

मुलगा झाला. आधी निळसर, मग लाल, मग असा काही भोकाड पसरून रडला की नवरा मटकन स्टुलावर बसला.

"दोन छोटे टाके घालायचेत," थोड्या वेळानं उंच डॉक्टर म्हणाले. "आधी सुई टोचून जागा बधिर करतो."

"कुठला टाका?" बाळ छातीवर घेऊन टेपताईनं विचारलं.

डॉक्टरांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "सलग. आतून. धागा आपोआप विरघळतो."

"मग बरोबर," ती समाधानानं म्हणाली. "आणि टाचणीचं तेवढं माफ करा."

"इथं माझी कुणाशी अजून ओळख नाही," डॉक्टर म्हणाले. "टाचणीमुळं एक झाली." मग त्यांनी फाइल ओढली आणि 'नॉर्मल' या शब्दापुढं, तिला वाचून दाखवत, चार ओळी लिहिल्या.

दहा दिवसांनी, सकाळच्या उन्हात, मास्तर घरी आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. थोरलीनं त्यांना खुर्ची दिली. चहा झाला. मग खिशातून चौघडी केलेला पिवळा कागद काढून त्यांनी टेपताईपुढं ठेवला.

"ही कोटावर होती," ते म्हणाले.

"अगंबाई! मास्तर, मग कोटाचं काय झालं? पोटाची माया?"

"चिठ्ठीत होतं तसं केलं." मास्तर घसा खाकरून म्हणाले. "हात लावायच्या आधी सांगा, असं होतं. मुख्याध्यापकांना फोन लावला. म्हटलं, आता पाठ कापतोय. ते म्हणाले, कापा. मग म्हटलं, आता बाही कापतोय, उजवी. तिसऱ्या फोनला ते विचारायला लागले, का कापताय, कशी कापताय. चौथ्या वेळी स्वतःच येऊन टेबलापाशी बसले. चाळीस वर्षांत गिऱ्हाईक पहिल्यांदा मागच्या खोलीत आलं. त्यांनीच सांगितलं, पोटात जरा सैल ठेवा म्हणून."

टेपताई हसून हसून लोळायची बाकी राहिली. टाके ओढले तरी थांबेना. थोरलीही हसली, कशाला ते न कळताच.

मास्तर हसले नाहीत. "खाली एक ओळ होती," ते म्हणाले. "मागच्या वेळी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, साहेब, मागच्या वेळी कुणी शिवला होता तुमचा कोट? ते म्हणाले, हा पहिलाच. तेव्हा कळलं मला, ही चिठ्ठी कुणाची ते."

टेपताईचं हसू विरलं. मास्तरांनी पुढं काही विचारलं नाही. उलट प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता. ते उठले, कोपऱ्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि पाळण्यापाशी आले. बाळ जागं होतं. अनोळखी माणसाकडे टुकुटुकु बघत होतं.

मास्तर वाकले. दोन्ही हात त्यांनी पाळण्याच्या काठाशीच थांबवले.

"आता तुला उचलतो हं," ते हळूच म्हणाले. "आधी मानेखाली हात घालतो. मग खांद्याखाली. चालेल?"

आणि उत्तर येईल म्हणून खरंच थांबून राहिले.

टेपताईनं तोंड फिरवलं आणि घडी घातलेलं दुपटं उगाचच मोडून पुन्हा घडी घालायला घेतलं.